उन्हाळ्यातला शर्ट आणि त्याच्या आतली हवा

एप्रिल लागला की आमच्या कोल्हापुरात महाद्वार रोडला, राजारामपुरीत कपड्यांच्या दुकानांबाहेर पाट्या लागतात, समर कलेक्शन, कूल फॅब्रिक, एसी टी-शर्ट, आणि आत गेलेल्या पोरांचा प्रश्न ठरलेला, काळा घेऊ का पांढरा? घरचे सांगतात काळा नको, ऊन धरतंय. शाळेतही तेच शिकवलंय, काळा रंग उष्णता शोषतो, पांढरा परत पाठवतो. चूक काहीच नाही त्यात, पण ही निम्मीच गोष्ट आहे आणि उरलेली निम्मी कुणी सांगतच नाही.

१९८० साली 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात एक छोटा शोधनिबंध आला होता. प्रश्न साधा होता, वाळवंटातले बेदुईन लोक एवढ्या उन्हात काळे पायघोळ झगे का घालतात? श्कोल्निक, टेलर वगैरे संशोधकांनी माणसाला भर दुपारी वाळवंटात उभं केलं, एकदा काळा झगा घालून, एकदा पांढरा घालून, आणि मोजमापं घेतली. काळ्या झग्याने ऊन जास्त शोषलं, झगा जास्त तापला, हे अपेक्षितच होतं. पण अंगापर्यंत पोचलेली उष्णता दोन्हीत सारखीच निघाली! कापड तापलं तरी ती जास्तीची उष्णता कातडीपर्यंत आलीच नाही, झग्याच्या आत खेळणाऱ्या हवेने ती मधल्यामध्ये उचलून बाहेर नेली. म्हंजे कापड अंगापासून किती लांब आहे आणि मधली हवा हलतीय का, यावर सगळा खेळ आहे. टी-शर्ट अंगाला घट्ट चिकटलेला असेल तर मात्र काळा रंग नडणारच, कारण तापलेलं कापड थेट कातडीला टेकलेलं असतं.

ही आतली हवा नक्की करते काय, तर त्यासाठी आधी घामाचा हिशोब बघू. नुसता बसलेला माणूस साधारण १०० वॅट उष्णता तयार करतो, बिंदू चौकातून रंकाळ्याकडे चालत निघालेला माणूस समजा २५० वॅट. ही उष्णता बाहेर गेलीच पाहिजे. कातडीचं तापमान असतं ३३ ते ३५ अंश, बाहेरची हवा २५ असेल तर उष्णता आपोआप बाहेर जाते, पण बाहेर ३८ झालं की गंगा उलटी वाहायला लागते, हवाच आपल्याला तापवते. मग शरीराकडे एकच उपाय राहतो, घाम वाळवणं. एक ग्रॅम घाम वाळताना सुमारे २४०० ज्यूल उष्णता घेऊन जातो. २५० वॅट म्हणजे तासाला ९ लाख ज्यूल, भागिले २४००, आले ३७५ ग्रॅम. म्हणजे तासाला एवढा घाम नुसता येऊन उपयोग नाही, तो अंगावरच पूर्ण वाळला पाहिजे. जो घाम कपाळावरून, पाठीवरून गळून खाली पडला तो जवळपास फुकट गेला, पाणीही गेलं आणि मीठही गेलं, थंडावा काहीच नाही. म्हणून "लई घाम आला, आता बरं वाटंल" हे खरं नाही.

आता घाम वाळायचा कशावर अवलंबून आहे? इथे बाष्पदाब, म्हणजे पाण्याच्या वाफेचा दाब, म्हणून एक गोष्ट येते, ती जरा नीट बघू कारण सगळं तिच्यावरच आहे. ओल्या कातडीला ३५ अंशांवर पाण्याचा बाष्पदाब असतो सुमारे ४२ मिलिमीटर पारा (दाब मोजायचं एक एकक, पुढचे आकडेही त्यातच). बाहेरच्या हवेचा बाष्पदाब याच्यापेक्षा जितका कमी तितका घाम जोरात वाळतो. कोल्हापुरातली एखादी कोरडी दुपार धरू, ३८ अंश आणि आर्द्रता २५ टक्के, हवेचा बाष्पदाब येतो १२ च्या आसपास, फरक ३०. आता ऑक्टोबर हीटमधला ढगाळ दिवस धरू, ३२ अंश आणि ६५ टक्के, बाष्पदाब २३, फरक फक्त १९. तापमान ६ अंशांनी कमी असूनही घाम वाळायचा जोर एक तृतीयांशाने घटला, म्हणून ऑक्टोबरात जास्त चिकचिक होते. पण हे सगळं बाहेरच्या हवेचं झालं. तुमच्या कातडीला बाहेरची हवा भेटतच नाही, तिला भेटते शर्टाच्या आतली हवा. ती तिथेच अडकून पडली तर दर मिनिटाला तिच्यात बाष्प भरत जातं, दाब १२ वरून २०, ३०, ३५ असा चढतो, आणि ४२ च्या जवळ गेला की वाळणं बंद. बाहेर कोरडं ठणठणीत ऊन असू दे, शर्टाच्या आत तुम्ही मुंबईच्या जूनमध्ये उभे असता.

ही हवा बदलायची युक्ती सगळ्यांना येते, उकडलं की आपण शर्ट छातीपाशी चिमटीत धरून दोन-चार वेळा हलवतो ना, तेच. मोकळा शर्ट घालून चाललं की हे काम आपोआप होतं. हात हलला, पाऊल पडलं, की कापड अंगाकडे येतं आणि आतली दमट हवा गळ्यातून, बाह्यांतून, खालच्या घेरातून बाहेर ढकलतं, मागे गेलं की ताजी हवा आत ओढतं, लोहाराचा भाता चालतो अगदी तसं. शिवाय दुसरी एक गंमत आहे, पाण्याचा रेणू हवेतल्या नायट्रोजन, ऑक्सिजनपेक्षा हलका असतो, त्यामुळे दमट हवा कोरड्या हवेपेक्षा हलकी असते आणि ती वरच्या दिशेने निघते. वरचं बटण उघडं असेल आणि शर्ट इन केलेला नसेल तर खालून हवा आत, गळ्यातून बाहेर, असा प्रवाह उभ्या जागीसुद्धा चालू राहू शकतो. शाहू मार्केट यार्डात गुळाच्या सौद्याला येणारे म्हातारे शेतकरी बघा, ढगळ पैरण, रुंद बाह्या, खाली धोतर, पायात मोकळं पायताण. मला ते कपडे म्हणजे उष्णताशास्त्राचा उत्तम नमुना वाटतात आणि कॉलेजच्या पोरांनी लाज न बाळगता त्यातलं तत्त्व उचलावं असं मनापासून वाटतं.

याच म्हाताऱ्यांच्या खिशात कधी कधी कांदा असतो, ऊन लागू नये म्हणून. त्याला मात्र काही आधार नाही. उष्माघात म्हणजे शरीराच्या आतलं तापमान ४० अंशांच्या पुढं जाणं, खिशातला कांदा ते खाली कसं आणणार? खरा धोका असा की कांदा आहे म्हणून माणूस पाणी न पिता उन्हात थांबतो. 'एसी टी-शर्ट'ची पाटी मला कांद्याच्याच रांगेतली वाटते. कापड स्वतःहून थंडी तयार करत नाही, हात लावल्यावर गार लागलं तरी ते काही सेकंदांचं असतं.

कापडाचं बोलायचं तर कॉटन स्वतःच्या वजनाच्या ७-८ टक्के बाष्प धाग्यात मुरवून घेतं, पॉलिस्टर जेमतेम ०.४ टक्के, म्हणून नेहमीच्या वापरात कॉटन बरं वाटतं. पण कॉटन घामाने चिंब झालं की चिकटतं आणि मधली हवेची जागाच संपते. पळायला, व्यायामाला म्हणून पॉलिस्टरचा जाळीदार टी-शर्ट चांगला, घाम पसरवतो आणि लवकर वाळतो. लिनन मला सगळ्यात आवडतं कारण ते कडक असतं, अंगापासून सुटं राहतं, चुरगळलं तर चुरगळू दे. महाग वाटलं तर आपलं इचलकरंजी अर्ध्या-पाऊण तासावर आहे, तिथलं केंब्रिक किंवा पॉपलिन, म्हणजे पातळ सुती कापड, घेऊन शिवून घ्या, एक माप मोठं.

हल्ली ओव्हरसाइझ टी-शर्टची फॅशन आहे, माप एकदम बरोबर, पण कापड बरेचदा २४० जीएसएमचं असतं, म्हणजे चौरस मीटरला २४० ग्रॅम. शर्टाचं पॉपलिन १२० च्या आसपास, १४ औंसाची (म्हणजे चौरस यार्डाला १४ औंस) जीन्स पावणेपाचशे. मे महिन्यात पायांना पावणेपाचशे ग्रॅमचं कापड गुंडाळून गाडीवर बसण्यापेक्षा सैल कॉटन पँट घाला. आणि पाठीवरची सॅक शक्यतो एका खांद्यावरची घ्या, कारण पाठीला टेकलेल्या सॅकखाली हवा अजिबात हलत नाही.

दुकानात बघायचं असेल तर शर्टाचं एकेरी कापड तोंडापुढं धरा, पलीकडे तळहात ठेवा आणि फुंकर मारा. हाताला वारा लागला तर घ्या. नाही लागला तर लेबलवर काहीही छापलेलं असू दे, ते कापड थंडीसाठी ठेवा.