सौर कृषिपंप (मराठवाडा)

सौर पॅनलच्या विजेवर विहीर, बोअर किंवा शेततळ्यातील पाणी उपसणारा पंप. मराठवाड्यात तो डिझेल इंजिनाला आणि रात्रपाळीच्या विजेला पर्याय म्हणून आला. पाच अश्वशक्तीचे इंजिन तासाला एक ते सव्वा लिटर डिझेल पिते. वीजजोडणी असली तरी डीपी (गावातले वीज रोहित्र) जळाला की पीक वाळते. केंद्राची पीएम-कुसुम योजना 2019 मध्ये, तर राज्याची ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ 2024 मध्ये सुरू झाली. राज्याच्या योजनेत शेतकऱ्याचा हिस्सा 10 टक्के, अनुसूचित जाती-जमातींसाठी 5 टक्के. अडीच एकरांपर्यंत 3, पाच एकरांपर्यंत 5 आणि त्यापुढे 7.5 अश्वशक्ती असे प्रमाण आहे. बोअरला पाणी किती, हे मात्र सातबारा सांगत नाही आणि बहुतेक तक्रारींचे मूळ तिथेच असते.

पाच अश्वशक्तीच्या संचाला साधारण 4800 वॅटचे पॅनल लागतात. बॅटरी नसते. मोटर एसी असेल तर कंट्रोलर पॅनलच्या डीसी विजेची एसी करतो आणि उन्हाप्रमाणे मोटरचा वेग कमी-जास्त करतो. त्यामुळे सकाळी धार बारीक, अकरा ते तीन भरात. निरभ्र दिवशी असा संच 50 मीटरवरून सुमारे 90 हजार लिटर पाणी काढतो, 100 मीटरवरून जेमतेम 40 हजार.

पण तेवढे पाणी खाली असायला हवे. इथल्या काळ्या पाषाणात ते भेगांमध्ये साठते आणि एप्रिल-मेमध्ये खोल जाते. पंप झऱ्यापेक्षा मोठा असला की बोअर हवा ओढतो, कंट्रोलर ‘ड्राय रन’ (पंप पाण्याविना चालतोय) असे दाखवून थांबतो, थोड्या वेळाने पुन्हा सुरू होतो. दोष पॅनलला दिला जातो. हे संरक्षण बंद करून ठेवले तर मोटर जळते. म्हणून पंप ठरवण्याआधी उन्हाळ्यात बोअर तीन-चार तास सलग चालवून शेवटी 200 लिटरचा ड्रम किती वेळात भरतो ते पाहावे. चार मिनिटे लागली तर झरा तासाला 3000 लिटरचा, म्हणजे सहा तासांत 18 हजार. तिथे तीन अश्वशक्तीचा पंप पुरतो, मोठा घेऊन पाणी वाढत नाही.

ठिबक थेट सौरपंपाला जोडले की सकाळी दाब बनत नाही आणि मोसंबीच्या ओळीतली शेवटची झाडे कोरडी राहतात. पाणी आधी उंचावरच्या टाकीत किंवा शेततळ्यात घ्यावे. शेततळ्यातून ठिबक चालवायला मात्र दाब देणारा दुसरा पंप लागतो.

पॅनल दक्षिणाभिमुख, 18 ते 20 अंश कलते असावेत. ते 25 अंशांपेक्षा जितके तापतील, तितकी दर अंशामागे सुमारे 0.4 टक्के वीज घटते. मेमध्ये काच 65 अंशांवर गेली की 16 टक्के घट धरावी. बाभळीच्या एका फांदीची सावली एका पॅनलवर पडली तरी अख्ख्या ओळीची वीज उतरते. धूळ पहाटे धुवावी. दुपारच्या तापल्या काचेवर गार पाणी मारले तर ती तडकू शकते. वळवाच्या वाऱ्याआधी सांगाड्याचे नटबोल्ट आवळावेत आणि पाया उघडा पडला असल्यास माती भरावी.

ऊन असेपर्यंत पॅनलच्या वायरीत शेकडो व्होल्ट डीसी असते, पंप बंद असला तरीही. दुरुस्तीत आधी आयसोलेटर (पॅनलची वीज तोडणारा स्विच) पाडायचा, मगच वायरींचा कनेक्टर सोडवायचा. वीज वाहत असताना कनेक्टर ओढला तर ठिणगीची कमान पेटते आणि हात भाजतो.