सीमा धातूने आखल्या, जीव नंतर मोजले

चाकण-आकुर्डीच्या पट्ट्यात विजेवरच्या गाड्या तयार होऊ लागल्यापासून पुण्यात समुद्रतळावरच्या नोड्यूलचा, म्हणजे खोल तळावर पडलेल्या धातूयुक्त गोळ्यांचा, विषय अधूनमधून निघतो. बोलणं बहुतेक वेळा निकेल आणि कोबाल्टभोवती फिरतं. मध्य हिंदी महासागरातल्या भारताच्या वाट्याच्या क्षेत्रात ३८ कोटी टन नोड्यूल असल्याचा सरकारी अंदाज लगेच पुढे येतो. त्या गाळात राहतं कोण, ते कुणी, कधी आणि कशासाठी मोजलं, हे मात्र क्वचितच सांगितलं जातं. तिथे खाणकाम करावं की नाही, या आजच्या वादाचं मूळ त्या मोजणीच्या इतिहासातच आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात तीनशे फॅदमच्या (सुमारे ५५० मीटर) खाली जीव नसावा, असं मानणारे अभ्यासक होते. १८७२ ते १८७६ च्या ब्रिटिश जगप्रदक्षिणेने ती समजूत मोडली, आणि त्याच मोहिमेच्या जाळ्यांत नोड्यूलही आले. पण तिथे जीवांचे प्रकार किती, हे कळायला १९६० चं दशक उजाडावं लागलं. तळावरून घसरत जाणाऱ्या, बारीक जाळीच्या स्लेजने अटलांटिकच्या गाळातून इतक्या जाती वर आणल्या, की ओसाड मानलेल्या तळाची गणना एकदम श्रीमंत अधिवासांत होऊ लागली.

नेमक्या याच काळात तळाची किंमतही ठरू लागली. १९६७ मध्ये संयुक्त राष्ट्रांत एका छोट्या बेटदेशाच्या प्रतिनिधीने समुद्रतळ हा मानवजातीचा सामायिक वारसा असल्याची मांडणी केली आणि १९७० च्या जाहीरनाम्यात ती उतरली. लगोलग पॅसिफिकमध्ये खासगी कंपन्यांच्या चाचण्या सुरू झाल्या. त्यांच्या परिणामांचा अमेरिकी अभ्यास १९७५ मध्ये सुरू झाला. म्हणजे प्राण्यांची पद्धतशीर मोजणी खाणकामाच्या बेताच्या मागोमाग आली. हा क्रम पुढे कधी उलटला नाही.

भारताची सुरुवात २६ जानेवारी १९८१ ची. त्या दिवशी ‘गवेषणी’ या संशोधन जहाजाने हिंदी महासागराच्या तळावरून पहिले नोड्यूल वर आणले. नंतरच्या वर्षांत मध्य हिंदी महासागर खोऱ्यात आधी विरळ, मग दाट होत गेलेल्या चौकोनी जाळीवर नमुने घेतले गेले. ऑगस्ट १९८७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या समुद्री कायद्याच्या व्यवस्थेत अग्रणी गुंतवणूकदार, म्हणजे तळाच्या शोधाचा पहिला हक्क मिळालेला, म्हणून नोंदला गेलेला भारत हा पहिला देश ठरला. अर्जातल्या ३ लाख चौरस किलोमीटरपैकी अर्धं क्षेत्र आंतरराष्ट्रीय सामायिक साठ्यात गेलं आणि दीड लाख भारताला मिळालं. पुढे नियमानुसार त्यातलंही निम्मं टप्प्याटप्प्याने परत करून ७५,००० उरलं. पुणे जिल्ह्याच्या जवळपास पाचपट.

काय ठेवायचं आणि काय सोडायचं, हे धातूच्या प्रमाणावर आणि नोड्यूलच्या दाटीवर ठरलं. त्या काळच्या गरजा पाहता ते स्वाभाविकही होतं. पण त्यामुळे जीवांच्या अभ्यासाच्या वाट्याला आलेला नकाशा आधीच धातूने आखलेला होता. समुद्री काकड्या, ठिसूळतारे, काचस्पंज, गाळातल्या पॉलिकीट अळ्या, डोळ्यांना न दिसणारे सूत्रकृमी यांच्या वस्तीची सीमा कुठे आहे, हा प्रश्न ती आखणी करताना कुणी विचारलेला नव्हता.

१९९७ मध्ये भारताने ५,००० मीटरहून खोल तळावर एक प्रयोग केला, आणि माझ्या मते तो आपल्याकडे मिळायला हवा तेवढा मान मिळालेला नाही. सुमारे ३ किलोमीटर लांब आणि २०० मीटर रुंद पट्ट्यातला गाळ यंत्राने ढवळून वर उडवला, आधीचे आणि नंतरचे नमुने घेतले, आणि पुढची काही वर्षं पुन्हा जाऊन पाहिलं. ढवळल्यानंतर तळातल्या प्राण्यांची संख्या घटली. नंतरच्या फेऱ्यांत काही गट सावरताना दिसले, सगळे नाहीत. त्या प्रयोगात नोड्यूल काढले नव्हते, हे त्याचे निष्कर्ष वापरताना अनेकदा विसरलं जातं. पेरूच्या किनाऱ्यापलीकडे १९८९ मध्ये नांगरलेल्या तळावरचे ओरखडे २६ वर्षांनीही स्पष्ट दिसत होते. नोड्यूल दशलक्ष वर्षांत काही मिलिमीटर वाढतो. त्याला चिकटून राहणाऱ्या प्राण्याची जागा एकदा गेली की माणसाच्या हिशोबात ती परत येत नाही.

सगळ्यात मोठा गुंता २००० सालच्या शोधकामाच्या नियमांपासून सुरू झाला. ते केले आंतरराष्ट्रीय समुद्रतळ प्राधिकरणाने, म्हणजे देशांच्या हद्दीबाहेरच्या तळाचा कारभार पाहणाऱ्या संस्थेने. खाणकाम करू पाहणाऱ्याने दोन क्षेत्रं सुचवायची: एक, जिथे खाणकामाचा परिणाम मोजला जाईल, दुसरं, जिथे कधीच खाणकाम होणार नाही आणि जे तुलनेसाठी जसंच्या तसं राहील. कागदावर हे सरळ दिसतं. पण दुसरं क्षेत्र निवडायचं कुणी? कंत्राटदारानेच. मूळ जीवसृष्टीची नोंदही त्यानेच करायची. तुलना खरी व्हायची तर राखीव क्षेत्रात नोड्यूलची दाटी खाणीच्या क्षेत्राइतकीच हवी, कारण पॅसिफिकमधल्या छायाचित्र-सर्वेक्षणांत दाट नोड्यूलच्या तळावर, नोड्यूल नसलेल्या तळापेक्षा दुपटीहून अधिक मोठे प्राणी आढळले आहेत. आणि दाट नोड्यूलची जागा राखीव ठेवणं म्हणजे सर्वांत किफायतशीर जागा सोडणं. ज्याला ती सोडायची आहे त्याच्याच हाती निवड दिली, तर राखीव क्षेत्र विरळ नोड्यूलच्या बाजूला सरकण्याचा धोका उघड आहे. राखीव जागा खाणीपासून इतकी दूरही हवी की उडालेला गाळ तिथवर पोहोचू नये, आणि इतकी जवळही हवी की प्राणी तेच असावेत. या दोन अटी एकाच कराराच्या हद्दीत बसवणं अवघड आहे. हद्दीबाहेर मोठी राखीव क्षेत्रं ठरवण्याचा मार्ग पॅसिफिकमध्ये २०१२ मध्ये निघाला. तेव्हा नऊ क्षेत्रं झाली, २०२१ मध्ये आणखी चार. पण त्यांची आखणी कंत्राटांची क्षेत्रं टाळूनच झाली.

मोजणीलाही मर्यादा आहेत. बॉक्स कोअरर अर्धा मीटर बाजूचा चौकोन खणून आणतो, त्याच्या एका खेपेला काही तास लागतात, आणि चाळणीचं छिद्र २५० मायक्रॉनचं की ३०० चं, यावरही आकडे बदलतात. मग सूक्ष्मदर्शकाचं काम उरतं. पॅसिफिकच्या नोड्यूल पट्ट्यातल्या सगळ्या नोंदी २०२३ मध्ये एकत्र केल्या तेव्हा ५,५७८ जाती निघाल्या. त्यातल्या दहापैकी नऊ जातींना शास्त्रीय नावच नव्हतं. आपल्या खोऱ्यातल्या जुन्या अहवालांत तर बरेच प्राणी जातीपर्यंत न जाता गट किंवा कुळ लिहून थांबले आहेत. भारतीय प्राणी सर्वेक्षण या सरकारी संस्थेचं एक प्रादेशिक केंद्र आकुर्डीतच आहे आणि प्राणिशास्त्र शिकवणारी महाविद्यालयं शहरभर आहेत. तरी अळ्या आणि सूत्रकृमी ओळखणारी माणसं तयार करण्याचं काम मागेच पडलेलं आहे. जहाज आणि यंत्रासाठी पैसा मिळतो, वर्गीकरणासाठी मिळत नाही.

गेल्या पाच वर्षांत घाई वाढली. २०२१ च्या एप्रिलमध्ये भारताच्या खाण-यंत्राची चाल ५,२७० मीटरवर तपासली गेली, आणि त्याच वर्षी ४,०७७ कोटी रुपयांची खोल समुद्र मोहीम मंजूर झाली. त्याच सुमारास एका पॅसिफिक बेटदेशाने प्राधिकरणाला दोन वर्षांत प्रत्यक्ष खाणकामाचे नियम तयार करायला लावणारं कलम लागू केलं. २०२३ मध्ये मुदत टळली, नियम आजही मसुद्यातच आहेत. २०२५ मध्ये अमेरिकेने स्वतःच्या १९८० च्या कायद्याने परवाने देण्याची वाट धरली. जवळपास ४० देश थांबा म्हणत आहेत. दरम्यान विजेवरच्या बऱ्याच दुचाकी आयर्न-फॉस्फेट बॅटरीकडे वळल्या आहेत, आणि त्या बॅटरीत ना निकेल लागतं ना कोबाल्ट.

प्राधिकरणाशी भारताचा नोड्यूलच्या शोधाचा करार मार्च २००२ मध्ये १५ वर्षांसाठी झाला. २०१७ आणि २०२२ मध्ये तो पाच-पाच वर्षं वाढला, आणि आताची मुदत मार्च २०२७ मध्ये संपते. पुढे प्रत्यक्ष खाणकामासाठी अर्ज करायचा तर तळावरच्या जीवसृष्टीची मूळ नोंद त्यासोबत द्यावी लागेल. पॅसिफिकसारखी राखीव क्षेत्रं मध्य हिंदी महासागरासाठी २०२५ अखेरपर्यंत ठरलेली नव्हती.