हँड कंट्रोलर (गो-टू दुर्बीण)

मोटर बसवलेली दुर्बीण हव्या त्या खगोलीय वस्तूकडे वळवणारे, बटणे आणि छोटा पडदा असलेले हातात मावणारे उपकरण. यालाच हस्तनियंत्रक असेही म्हणतात. हौशी निरीक्षकांत ही ‘गो-टू’ म्हणजे वस्तू निवडली की दुर्बीण आपोआप तिच्याकडे वळण्याची पद्धत रुजवण्यात मीड कंपनीच्या एलएक्स-२०० (१९९२) दुर्बिणीचा वाटा मोठा आहे. सेलेस्ट्रॉन कंपनीच्या नेक्सस्टार एसई या दुर्बीण मालिकेच्या नियंत्रकात सुमारे ४०,००० वस्तूंची स्थाने साठवलेली असतात. खालील तपशील मुख्यतः याच मालिकेला धरून आहे.

नियंत्रकाला आकाश दिसत नाही. वेळ, ठिकाण आणि निरीक्षकाने दाखवलेले तारे एवढ्यावरच तो हिशेब करतो. त्यामुळे वस्तू न सापडण्याचे मूळ बहुधा सुरुवातीच्या नोंदीत असते. तारीख अमेरिकी पद्धतीने, आधी महिना मग दिवस अशी भरायची असते; ५ मार्च म्हणजे ०३/०५. डेलाइट सेव्हिंगचा (उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे करण्याचा) पर्याय भारतात बंदच ठेवावा, कारण एका तासाची चूक म्हणजे आकाशात १५ अंश. वेळविभागांच्या यादीत साडेपाच तास नसतील तर विभाग शून्य ठेवून जागतिक (ग्रिनिच) वेळ भरावी: रात्रीचे ९ म्हणजे १५:३०. मध्यरात्रीनंतर पहाटे साडेपाचपर्यंत तारीखही आदल्या दिवसाची लागते, आणि नेमके हेच विसरले जाते. पुण्यासाठी अक्षांश १८°३१′ उत्तर, रेखांश ७३°५१′ पूर्व. पूर्वेऐवजी पश्चिम निवडले गेले तर सगळाच हिशेब कोसळतो.

यानंतर अलाइनमेंट, म्हणजे काही तारे दाखवून नियंत्रकाचा हिशेब आकाशाशी जुळवणे. ‘स्कायअलाइन’मध्ये कोणत्याही तीन तेजस्वी वस्तू दाखवल्या तरी चालते, नावे ठाऊक नसली तरी, पण वेळ आणि ठिकाण अचूक हवे. ‘टू-स्टार’ पद्धतीत तारे नावाने निवडायचे असतात. पडद्यावर नावे पाश्चात्त्य असतात, म्हणून स्वाती म्हणजे आर्क्टुरस, चित्रा म्हणजे स्पायका, अभिजित म्हणजे व्हेगा, ब्रह्महृदय म्हणजे कपेला, रोहिणी म्हणजे अल्डेबरान हे पाठच असावे. पुनर्वसूचे कॅस्टर आणि पोलक्स हमखास फसवतात. त्यांच्यातील अंतर साडेचार अंश; ही अदलाबदल नियंत्रक ओळखेलच असे नाही आणि ओळखली नाही तर पुढचे शोध हुकतात.

दोन तारे एकमेकांपासून दूर असावेत, क्षितिजालगत किंवा डोक्यावर नसावेत. महाराष्ट्रातून स्वाती आणि रोहिणी मध्यमंडलावर (उत्तर-दक्षिण रेषेवर) असताना जवळजवळ खस्वस्तिकात, म्हणजे थेट डोक्यावर येतात, तेव्हा ते टाळावेत. तारा आधी शोधकात (दुर्बिणीवरच्या नेम धरण्याच्या साधनात) आणून ‘एंटर’, मग नेत्रिकेत (डोळा लावायच्या भिंगात) मध्यावर आणून ‘अलाइन’ दाबायचे. शोधताना २५ मिमी, मध्यावर आणताना १० मिमी नेत्रिका घ्यावी. शेवटची हालचाल वरच्या आणि उजव्या बाणानेच करावी. मोटरच्या दातेरी चाकांमधली ढिलाई त्यामुळे एकाच बाजूला राहते. तारा पुढे निघून गेला तर मागे नेऊन पुन्हा त्याच दिशांनी आणावा.

पुढचे सोपे आहे: यादी निवडायची, क्रमांक तीन अंकांत भरायचा (मृगातील तेजोमेघासाठी मेसिए या यादीत ०४२) आणि एंटर. दुर्बीण पोचली तरी काही दिसत नसेल, तर जवळच्या तेजस्वी ताऱ्याकडे वळवून पाहावे. तो मध्याजवळ आला तर अलाइनमेंट बरोबर आहे, वस्तूच फिकट असावी. मेसिए ३३ सारखी फिकट दीर्घिका शहराच्या उजेडात बुडालेली असते. नेत्रिकेतून आकाशाचा किती भाग दिसतो, त्या क्षेत्राचाही विचार हवा. १५०० मिमी नाभीय अंतराच्या ६एसई या दुर्बिणीवर २५ मिमी नेत्रिका ६० पट वर्धन देते आणि जेमतेम ०.८ अंश दाखवते. सुमारे दोन अंश पसरलेल्या कृत्तिका (तारकागुच्छ) त्यात मावत नाहीत.

अलाइनमेंटनंतर दुर्बिणीची नळी हाताने ढकलू नये. मोटरची मोजणी तुटते आणि सगळे पुन्हा करावे लागते. आठ एए सेल लवकर उतरतात. वीज कमी पडली की दुर्बीण वेडीवाकडी फिरते किंवा नियंत्रक मध्येच बंद पडतो, म्हणून १२ व्होल्टचा पुरवठा बरा. सूर्य यादीत मुद्दाम लपवलेला असतो. नळीच्या पुढच्या तोंडावर पक्के बसणारे सौर गाळणे नसेल तर तो पर्याय उघडूच नये.