नावांवरून टेबलं जोडणं (टेक्स्ट मॅचिंग)

दोन वेगळ्या टेबलांमधल्या ओळी एखाद्या शब्दांच्या कॉलमवरून, म्हणजे गावाचं नाव, जिल्हा, आडनाव, औषध असं काहीही धरून, एकमेकींना लावणं याला डेटावाले मॅचिंग, जॉइन किंवा मर्ज म्हणतात. एक्सेलवाल्यांना हेच काम व्हीलुकअप म्हणून माहितीये. आर भाषेत मॅच आणि मर्ज ही जुनी फंक्शन्स आहेत, डीप्लायर पॅकेजमध्ये लेफ्ट जॉइन (डावीकडच्या टेबलाच्या सगळ्या ओळी ठेवून त्यांना उजवीकडच्या लावणारं) आणि त्याची भावंडं आहेत, पायथनवाले पांडाजचं मर्ज वापरतात. ऐकायला सोपं वाटतं, पण कॉम्प्युटरला नाव कळत नाही, त्याला अक्षरांचे नंबर दिसतात, आणि एक नंबर जरी वेगळा निघाला की त्याच्या लेखी ते दुसरंच गाव.

महाराष्ट्राचे जिल्हे घ्या, या विषयातला जवळपास प्रत्येक घोळ त्यांच्यात सापडतो. 2011 च्या जनगणनेत राज्यात 35 जिल्हे होते, 1 ऑगस्ट 2014 ला ठाण्यातून पालघर वेगळा झाला आणि 36 झाले. आता जनगणनेचं टेबल आजच्या एखाद्या जिल्हावार टेबलाला लावलं तर पालघरला जोडीदार मिळत नाही, ते एक वेळ दिसतं तरी, पण ठाणे मात्र झकास जुळतं आणि त्याला जुन्या अखंड ठाण्याची 1 कोटी 10 लाखांची लोकसंख्या चिकटते. अक्षरं बरोबर, अर्थ चूक, आणि ही चूक कुठलंही सॉफ्टवेअर पकडत नाही. वर 2023 मध्ये औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचं धाराशिव झालं, 2024 मध्ये अहमदनगरचं अहिल्यानगर झालं, त्यामुळे कुठल्या सालचं टेबल आहे हे बघितल्याशिवाय हात घालू नये.

रोमन लिपीतली स्पेलिंगं हा वेगळाच ताप आहे. जनगणनेच्या इंग्रजी याद्यांत बीड हे बी-आय-डी असं तीन अक्षरी आहे, बाकी जग डबल ई लावतं. रायगडचं स्पेलिंग तिथे रायगढ असं, म्हणजे शेवटी आर-एच लावून आहे, आणि गंमत म्हणजे त्याच स्पेलिंगचा एक जिल्हा छत्तीसगडमध्येही आहे. औरंगाबाद बिहारमध्येही आहे. म्हणून देशभराचा डेटा असेल तर नुसत्या जिल्ह्यावरून जोडायचं नाही, राज्य आणि जिल्हा दोन्ही मिळून 'की', म्हणजे जोडायची खूण, करायची. तालुक्यांना तर जिल्ह्याशिवाय हातच लावू नये, कर्जत रायगडातही आहे आणि अहिल्यानगरातही, खेड पुण्यातही आणि रत्नागिरीतही, मालेगाव नाशकात आणि वाशिममध्ये.

मोकळ्या जागा डोळ्याला दिसत नाहीत म्हणून जास्त छळतात. 'पुणे' आणि शेवटी एक स्पेस असलेलं 'पुणे ' ही आरसाठी दोन वेगळी नावं आहेत. ट्रिमडब्ल्यूएस फंक्शन साध्या स्पेस काढतं, पण वेबपेजवरून कॉपी केलेल्या मजकुरात जी न तुटणारी स्पेस येते ती त्याच्या नेहमीच्या सेटिंगमध्ये तशीच राहते, माणूस तासभर स्क्रीनकडे बघत बसतो की सारखंच तर दिसतंय. शिवाय व्हीलुकअप कॅपिटल-स्मॉल बघत नाही आणि आर बघतं, म्हणून एक्सेलमध्ये वर्षभर नीट चाललेली शीट आरमध्ये आणली की अर्धी रिकामी येते.

देवनागरीत याच्याही पुढचं आहे. कऱ्हाड टाइप करायच्या दोन पद्धती सर्रास चालतात, एकात नुक्तावाला (खाली टिंब असलेला) ऱ, मग हलन्त, मग ह, आणि दुसऱ्यात साधा र, हलन्त, झिरो विड्थ जॉइनर नावाचं न दिसणारं अक्षर, मग ह. स्क्रीनवर दोन्ही सारखेच उमटतात, पण आरला लांबी विचारली तर एक 6 सांगतं आणि दुसरं 7. युनिकोड नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराची वेगवेगळी साठवलेली रूपं एक करणं) करा असं सगळे सांगतात, करावंच, पण ते फक्त र अधिक सुटा नुक्ता आणि जोडलेला ऱ यांना एक करतं, जॉइनरवाल्या रूपाला हात लावत नाही, तिथे र-हलन्त-जॉइनर शोधून त्याजागी ऱ-हलन्त टाकणारी ओळ आपणच लिहावी लागते. ॲ चंही तेच, एक अख्खा ॲ आणि एक अ वर चंद्र दिलेला, नॉर्मलायझेशननंतरही वेगळेच. आणि हे सगळं निस्तरल्यावरही कोणीतरी साधं कराड लिहिलेलं असतंच.

आरमधला एक जुना खड्डा फॅक्टरचा. 4.0.0 आवृत्ती (2020) येईपर्यंत फाइल वाचताना टेक्स्टचे कॉलम आपोआप फॅक्टर व्हायचे, म्हणजे वर नाव आणि आत वर्णक्रमाने दिलेले नंबर. तो कॉलम चुकून नंबरात बदलून त्यावर जोडणी केली, आणि रोमन स्पेलिंगच्या याद्यांपैकी एका टेबलात पालघर आहे, दुसऱ्यात नाही, तर तिथून पुढे सगळे एकेक घर सरकतात, परभणीच्या ओळीला पुण्याची लोकसंख्या लागते. एरर नाही, काही नाही.

हुबेहूब जुळत नसेल तर साधारण जुळवायचं, त्याला फझी मॅचिंग म्हणतात. यातलं सगळ्यात ओळखीचं माप लेव्हेनश्टाइन अंतर, 1965 सालचं, एका शब्दाचा दुसरा करायला किती अक्षरं घालावी, काढावी, बदलावी लागतात ते मोजतं. आरमध्ये स्ट्रिंगडिस्ट पॅकेज हे आणि असली बरीच मापं देतं. त्याआधीचं साउंडेक्स, अमेरिकेत 1918 मध्ये पेटंट झालेलं, उच्चारावरून कोड बनवतं, पण ते इंग्रजी आडनावांसाठी. पहिलं अक्षर तसंच ठेवतं, म्हणून डब्ल्यूचे वानखेडे आणि व्हीचे वानखेडे त्याला कधीच भेटत नाहीत, आणि शेवटी ओ लावणारे विदर्भातले जाधव व्ही लावणाऱ्या जाधवांपासून वेगळे पडतात. संख्याशास्त्रात असल्या जुळवणीचा पाया 1969 च्या फेलेगी आणि सुंटर यांच्या पेपरचा, त्यात नाव, जन्मतारीख, पत्ता अशा प्रत्येक कॉलमच्या जुळण्या-न जुळण्याला वजन देऊन मग ठरवतात की ही दोन माणसं एकच का. माणसांच्या याद्यांसाठी हे लागतंच.

ठिकाणांसाठी मात्र फझीवर फार भरवसा टाकू नये. अंतराच्या हिशोबाने वाशी आणि वाशीम यांच्यात फक्त एका अक्षराचा फरक, तर औरंगाबाद आणि छत्रपती संभाजीनगर यांचा काही संबंधच नाही. त्यापेक्षा न जुळलेली नावं अँटी जॉइनने बाहेर काढावीत, फझीकडून फक्त सुचवण्या घ्याव्यात आणि हाताने एक छोटं 'हे म्हणजे ते' टेबल बनवून ठेवावं. छत्तीस जिल्ह्यांना अर्धा तास लागतो.

जोडल्यावर ओळी मोजायच्या, आधी किती होत्या आणि नंतर किती झाल्या. आरचं मर्ज न जुळलेल्या ओळी मुकाट्याने गाळतं, मॅच फक्त पहिलाच जोडीदार दाखवतं, आणि लेफ्ट जॉइन उजवीकडे दोन खेड असतील तर डावीकडची ओळ दुप्पट करतं (दोन्ही बाजूंनी दुप्पट होत असेल तर डीप्लायर 1.1.0 पासून, म्हणजे 2023 पासून, इशारा देतं). नाव न भरलेल्या रिकाम्या जागाही (एनए) आरमध्ये एकमेकींशी जुळतात, डावीकडे 40 आणि उजवीकडे 30 रिकाम्या असतील तर त्यांच्याच 1200 ओळी तयार होतात, एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेत असं होत नाही.

कोड मिळत असतील तर नावांच्या नादाला लागूच नये. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्राचा कोड 27 आणि जिल्हे नंदुरबार 497 पासून सांगली 531 पर्यंत. फक्त कोडही टेक्स्ट म्हणूनच वाचायचे, नाहीतर उत्तर प्रदेशचा 09 एका टेबलात 9 होतो आणि दुसऱ्यात 09 राहतो.