समन्सचे अधिकार (लोकायुक्त व नैतिकता आयोग)

सार्वजनिक पदावरील व्यक्तींच्या वर्तनाची चौकशी करताना साक्षीदाराला हजर करवणे, शपथेवर जबानी घेणे आणि दप्तर मागवणे यांसाठी चौकशी यंत्रणेला कायद्याने दिलेला अधिकार. महाराष्ट्रात 'नैतिकता आयोग' नावाची संस्था नाही. तशा स्वरूपाचे काम लोकायुक्त करतात. लोकायुक्त कायदा १९७१ चा असून त्यांचे कार्यालय २५ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबईत सुरू झाले. चौकशीपुरते लोकायुक्तांना दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत: समन्स, कागदपत्रे हजर करण्याचा आदेश, प्रतिज्ञापत्रावर पुरावा, कोणत्याही कचेरीतून सरकारी अभिलेख मागवणे. मंत्रिमंडळाच्या बैठकीतील कामकाज आणि देशाच्या सुरक्षेला बाधक ठरणारी माहिती मात्र यातून वगळलेली आहे.

व्यवहारात माणसापेक्षा कागदाला बोलावणे अधिक कामाचे ठरते. समजा, सोलापुरातील एखाद्या ड्रेनेजच्या कामाची तक्रार झाली. अभियंता 'आठवत नाही' म्हणू शकतो. कार्यादेश, मोजमाप पुस्तिका आणि देयकावरच्या सह्यांना ती सोय नसते. दिवाणी प्रक्रिया संहितेनुसार समन्स फक्त कागदासाठी असेल, तर तो कागद दुसऱ्या कोणाकरवी पोहोचवला तरी आज्ञापालन होते. अधिकाऱ्याने स्वतः यायलाच हवे असे नाही. प्रत्यक्ष साक्षीसाठी अंतराचीही मर्यादा आहे. न्यायालयाच्या हद्दीबाहेर राहणाऱ्या साक्षीदाराला १०० किलोमीटरच्या आत, आणि वाटेच्या पाच-षष्ठांश भागावर रेल्वे किंवा अन्य नियमित सार्वजनिक वाहन असेल तर ५०० किलोमीटरच्या आत असेल तर साधारणपणे जातीने बोलावता येते. सोलापूर ते मुंबई रेल्वेने सुमारे साडेचारशे किलोमीटर. म्हणजे दिवाणी दाव्यातल्या या मोजपट्टीतही सोलापूरकराला लांबचे कारण पुढे करता येत नाही. साक्षीदाराचा प्रवासखर्च आणि भत्ता मात्र द्यावा लागतो.

समन्स बजावूनही कोणी आले नाही, तर संहितेच्या कलम ३२ खाली अटक वॉरंट, मालमत्तेची जप्ती किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड करता येतो. दंडाची रक्कम आज किरकोळ वाटते, धाक वॉरंटाचाच. चौकशीच्या अखेरीस लोकायुक्त शिक्षा देत नाहीत, सक्षम प्राधिकाऱ्याकडे शिफारस पाठवतात. बोलावण्याची ताकद न्यायालयाची आणि निकालाची ताकद सल्ल्याची, अशी ही विषम रचना आहे.

राज्य माहिती आयोगालाही माहिती अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम १८ नुसार असेच अधिकार आहेत. सोलापूर जिल्ह्याची प्रकरणे पुणे खंडपीठाकडे जातात. इथे सरकारी कार्यालयाला आयोगापासून कोणताही अभिलेख कुठल्याही कारणाने दडवता येत नाही. या एका मुद्द्यावर हा कायदा लोकायुक्त कायद्याहून कडक आहे.

अमेरिकेत चित्र एकसारखे नाही. कॅलिफोर्नियात १९७४ च्या राजकीय सुधारणा कायद्याने स्थापन झालेला पाच सदस्यांचा आयोग साक्षीदार व हिशेबवह्या समन्सने मागवू शकतो. उलट, अमेरिकी संसदेच्या प्रतिनिधिगृहाने २००८ मध्ये स्थापलेल्या नैतिकता कार्यालयाला तो अधिकार दिलाच नाही. तो सदस्यांच्या समितीने आपल्याकडे ठेवला.

महाराष्ट्रात १९७१ च्या कायद्याच्या कक्षेबाहेर मुख्यमंत्री होते. त्यांना कक्षेत आणणारे नवे विधेयक विधानसभेने डिसेंबर २०२२ मध्ये आणि विधान परिषदेने डिसेंबर २०२३ मध्ये संमत केले. समन्स अधिकाराबाहेरचे असल्याचा आक्षेप उच्च न्यायालयात रिट याचिकेद्वारे घेता येतो. १८ ऑगस्ट २०२५ पासून सोलापूर जिल्हा मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर येथील सर्किट बेंचच्या कार्यक्षेत्रात आहे.