मुंग्या नव्हेत, चांदी

जुना कृष्णधवल युद्धपट ब्लू-रेवर आला की एक तक्रार ठरलेलीच असते: पडदाभर मुंग्या दिसतात, साफ का केला नाही? आणि कंपनीने खरोखर साफ केला की दुसऱ्या बाजूने ओरड होते, सैनिकांचे चेहरे मेणाचे झाले! दुसरी तक्रार खरी आहे. पहिली करणारा ज्याला कचरा समजतो, त्याच कणांनी चित्र बनलेलं असतं.

फ्रेंच दिग्दर्शक झाँ रन्वारचा १९३७ सालचा ‘ला ग्रांद इल्यूझियों’ घ्या. पहिल्या महायुद्धातल्या फ्रेंच युद्धकैद्यांची ही गोष्ट. १९४० मध्ये जर्मन सैन्य पॅरिसात शिरलं आणि मूळ निगेटिव्ह बर्लिनला गेली. तिथून युद्धानंतर मॉस्कोला, आणि साठच्या दशकात फिल्मसंग्रहांच्या देवघेवीत फ्रान्समधल्या तुलूझला. आपल्या कपाटात नेमकं काय पडलंय हे तिथे ध्यानात यायला नव्वदचं दशक उजाडलं. तोवर लोक पाहत होते त्या प्रतींवरून काढलेल्या प्रती. १९९९ ची डीव्हीडी या सापडलेल्या निगेटिव्हच्या आधारे निघाली. मूळ निगेटिव्हचं एवढं कौतुक का, हे कळायला फिल्मच्या आत शिरावं लागतं.

फिल्मच्या एका बाजूला जिलेटिनचा थर असतो आणि त्यात सिल्व्हर ब्रोमाइडचे स्फटिक विखुरलेले असतात. आकार साधारण एक मायक्रॉन. काही बारीक, काही मोठे. प्रकाशकण स्फटिकात शोषला गेला की एक इलेक्ट्रॉन सुटतो आणि स्फटिकातल्या एखाद्या दोषापाशी अडकतो. चांदीचा भटका आयन तिथे येऊन त्याला मिळतो आणि चांदीचा एक अणू तयार होतो. असे चारेक अणू एकाच जागी जमले की तो स्फटिक ‘नोंदला’ गेला. डोळ्यांना अजून काहीही दिसत नाही. फिल्म डेव्हलपर या रसायनात बुडवली की त्या चार अणूंच्या जोरावर अख्ख्या स्फटिकाची काळी चांदी होते, चार अणूंचे अब्जावधी! न नोंदलेले स्फटिक पुढे हायपो नावाच्या द्रावणात विरघळून जातात.

स्फटिक एकतर पूर्ण काळा होतो, नाहीतर गायब. करडा स्फटिक नसतोच. या सिनेमाचा नायक झाँ गाबँ, त्याच्या गालावरची करडी छटा म्हणजे तिथे काळ्या कणांची दाटी किती, एवढंच.

आता हिशेब. ३५ मिलिमीटर फिल्मवर चित्रचौकटीची उंची सुमारे १६ मिलिमीटर. ब्लू-रेवर तिच्या १०८० ओळी होतात, त्यामुळे एका पिक्सेलच्या वाट्याला फिल्मचा सुमारे १५ मायक्रॉनचा चौरस येतो. स्फटिक त्याहून कितीतरी लहान. मग सुटा कण दिसत नसताना मुंग्या कुठून येतात? पावसाचे पहिले थेंब फरशांवर पडतात तेव्हा प्रत्येक फरशीवर सारखेच पडत नाहीत. इथेही तसंच. एका पिक्सेलखाली सरासरी १०० काळे कण धरले, तर प्रत्यक्षात कुठे ९० तर कुठे ११० निघतील. चढउतार सरासरीच्या वर्गमुळाइतका, म्हणजे १० टक्के. कमी उजेडात चालणारी ‘वेगवान’ फिल्म घेतली की स्फटिक मोठे, त्यामुळे संख्येने कमी. सरासरी २५ असेल तर चढउतार ५, म्हणजे थेट २० टक्के. शिवाय प्रत्येक चौकट फिल्मच्या नव्या तुकड्यावर टिपलेली, त्यामुळे ही नक्षी, म्हणजेच फिल्मचा ‘दाणा’ (ग्रेन), सेकंदाला २४ वेळा बदलते. डोळा दोन-तीन चौकटींची मिळून सरासरी काढतो, म्हणून चालत्या चित्रात ती सुसह्य वाटते. पॉज करून दाणे मोजणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

प्रत काढताना मूळ दाण्यांवर नव्या फिल्मचे दाणे चढतात. निगेटिव्ह, मास्टर पॉझिटिव्ह, डुप्लिकेट निगेटिव्ह, प्रिंट: दर पायरीला दाणा जाड होतो आणि बारीक तपशील पुसट होतो. कॉन्ट्रास्ट आवरला नाही तर सावल्यांचं डांबर होतं. मूळ निगेटिव्हमध्ये एकाच पिढीचा दाणा असतो.

डिस्कवर भरताना वेगळंच दुखणं सुरू होतं. १९२० गुणिले १०८० पिक्सेल, २४ चौकटी, ८ बिट: नुसत्या उजेड-अंधाराचेच सेकंदाला सुमारे ३९८ मेगाबिट. ब्लू-रेची कमाल मर्यादा ४०. एन्कोडर, म्हणजे चित्र आकसून डिस्कवर भरणारं सॉफ्टवेअर, जागा वाचवतो ती मागच्या चौकटीतला ठोकळा उचलून, थोडा सरकवून, उरलेला फरकच तेवढा नोंदवून. भिंत सरकवता येते, दाणा येत नाही. तो दर चौकटीला नवा. फरकाचं कोसाइन रूपांतर केल्यावर, म्हणजे तो ढोबळ आणि बारीक लहरींत विभागल्यावर, दाण्याची बहुतेक ऊर्जा बारीक लहरींच्या आकड्यांत जाते, आणि बिट कमी पडले की क्वांटायझेशनमध्ये, म्हणजे आकडे ढोबळ करताना, पहिला शून्याचा वरवंटा त्यांच्यावरच फिरतो. मग दाणा जातो आणि आकाशात चौकोनी ठोकळे उगवतात.

म्हणून काही जण आधीच नॉइज रिडक्शन, म्हणजे दाणा पुसणारं सॉफ्टवेअर, लावतात. चार चौकटींची सरासरी काढली की दाणा निम्मा होतो, पण हलणारं सगळं सारवलं जातं. कचरा शोधणारं सॉफ्टवेअर तर आणखी आंधळं. त्याचा नियम असा: मागच्या आणि पुढच्या चौकटीत नसलेला ठिपका म्हणजे धूळ, पुसून टाका. तोफगोळ्याने उडालेलं मातीचं ढेकूळही एका जागी एकाच चौकटीत असतं! स्फोट, ठिणग्या, पाऊस: युद्धपट म्हणजे या सॉफ्टवेअरची अवघड परीक्षा. माणसाने चौकट न् चौकट तपासली नाही तर स्फोटातली माती हवेतच नाहीशी होते.

रंगीत फिल्मला एक सोय असते. तिच्या रंगद्रव्यांतून इन्फ्रारेड आरपार जातं आणि धूळ तेवढी उठून दिसते. कृष्णधवल फिल्ममध्ये चांदीच इन्फ्रारेड अडवते, म्हणून ही युक्ती फुकट. मग फिल्म द्रवात भिजवून स्कॅन करतात. त्या द्रवाचा अपवर्तनांक (प्रकाश वाकवण्याचं प्रमाण) फिल्मच्या पायाइतका, म्हणजे थर ज्यावर चढवतात त्या पारदर्शक पट्टीइतका असतो, त्यामुळे पायाच्या बाजूचे ओरखडे भरले जाऊन दिसेनासे होतात. चांदीचा थरच खरवडला गेला असेल तर इलाज नाही. ‘एआयने परत आणलेला तपशील’ ही जाहिरात इथेच फसवते: जे निगेटिव्हवर नाही ते परत येत नाही, नव्याने रचलं जातं. एव्ही१ या व्हिडिओ आकसण्याच्या पद्धतीत (कोडेकमध्ये) दाणा काढून, त्याचं वर्णन पाठवून, घरी कृत्रिम दाणा शिंपडायची सोय आहे. उसनी चांदी, पण निदान गाल मेणाचे दिसत नाहीत.

घरी करायचं ते थोडकं. टीव्हीचं नॉइज रिडक्शन आणि मोशन स्मूदिंग (मधल्या चौकटी बनवून हालचाल गुळगुळीत करणारी सोय) बंद. शार्पनेस इतका खाली आणायचा की कडांभोवतीची पांढरी किनार जाईल; काही टीव्हींवर ती जागा शून्यावर असते, काहींवर मधे. प्लेअरमधून २४ चौकटी तशाच जाऊ द्या. जुन्या पाल (सेकंदाला २५ चौकटींची टीव्हीपद्धत) डीव्हीडीवर २४ चा सिनेमा २५ ने पळतो, चार टक्के लवकर संपतो आणि आवाजही किंचित चढतो. त्याला सेटिंगमध्ये उतारा नाही. बाजूचे काळे पट्टे भरायला चित्र ताणू नका, चौकट मुळातच १.३७ ला १ आहे.

तपासायला ‘ला ग्रांद इल्यूझियों’चा शेवट लावा: पांढरं बर्फ आणि त्यातून स्वित्झर्लंडकडे सरकणारे दोन काळे ठिपके. नॉइज रिडक्शन एकदा चालू, एकदा बंद करून त्या ठिपक्यांच्या कडा बघा.