ग्राफिंग कॅल्क्युलेटरवरचे सबप्रोग्राम: सगळं एकाच फाइलीत की सुटे तुकडे, हा वाद आला कुठून

टीआय-८४ या टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या (टीआय) ग्राफिंग कॅल्क्युलेटरवर प्रोग्राम लिहिणारं कोणी भेटलं की दोन गट दिसतात. एक म्हणतो सबरूटीन, म्हणजे पुन्हा पुन्हा लागणारा कामाचा तुकडा, वेगळ्या प्रोग्राममध्ये (सबप्रोग्राममध्ये) ठेवा, दुसरा म्हणतो सगळं एकाच प्रोग्राममध्ये कोंबा, मेनूत कचरा नको. बाहेरून बघणाऱ्याला हे आवडीनिवडीचं वाटतं, पण त्यामागे मशीनच्याच काही अडचणी आहेत आणि त्या बऱ्याच जुन्या आहेत.

फार मागे जायची गरज नाही. १९८५ च्या कॅसिओ एफएक्स-७००० जी वर प्रोग्रामसाठी जागा होती ४२२ बाइट, आणि प्रोग्रामला नाव नाही, नुसता ० ते ९ नंबर. एकातून दुसरा बोलावता यायचा, पण ४२२ बाइटात तुम्ही सुट्या तुकड्यांची काय लायब्ररी करणार. १९९० च्या टीआय-८१ वर ३७ प्रोग्राम बसायचे, मेमरी २४०० बाइट, आणि दुसऱ्या कॅल्क्युलेटरला जोडायची सोयच नाही, म्हणजे मित्राचा प्रोग्राम हवा असेल तर समोर ठेवून एकेक बटण दाबत उतरवून घ्या. मधल्या काळात, १९८७ ला, एचपी-२८ सी ने मात्र प्रश्न जवळजवळ सोडवूनच टाकला होता: प्रोग्रामचं नाव लिहिलं की तो चालतो, इनपुट स्टॅकवरून (एकावर एक रचलेल्या आकड्यांच्या चळतीवरून) घेतो, उत्तर स्टॅकवर ठेवतो, आतले व्हेरिएबल आतच राहतात. पण शाळाशाळांत गेलं ते दुसरं घराणं, टीआयचं, त्यामुळे आपण तिकडेच वळू.

१९९२ ला टीआय-८५ वर लिंक केबल आली, १९९६ ला टीआय-८३ आला, १९९९ ला ८३ प्लस (८४ हा त्याचाच पुढचा अवतार). खरी गोष्ट इथे सुरू होते. ८३ प्लसवर दुसरा प्रोग्राम बोलवायचा म्हणजे मेनूतून त्याचं नाव उचलायचं, झालं. रिटर्न लिहिलं की बोलावणाऱ्याकडे परत, स्टॉप लिहिलं की सगळंच बंद (नवशिक्यांचे अर्धे बग या दोघांच्या अदलाबदलीचे असतात). स्वतःलाच बोलावणंही चालतं, मेमरी संपेपर्यंत. मग अडलं कुठे? तर पॅरामीटर (बोलावताना सोबत द्यायचे आकडे) पाठवता येत नाही आणि लोकल, म्हणजे त्या प्रोग्रामपुरतं, व्हेरिएबल नाही. ए ते झेड आणि थीटा मिळून २७ साधे व्हेरिएबल, ते सगळ्या प्रोग्राममध्ये सामायिक. मुख्य प्रोग्राममध्ये आय मोजत लूप (तेच काम फिरून फिरून करणारा भाग) चालू आहे आणि सबप्रोग्रामनेही आय वापरला, की लूप भरकटला, आणि एरर येईलच असं नाही, नुसतं उत्तर चुकीचं. म्हणून जाणकार लोक कागदावर यादी ठेवायचे, कोणतं अक्षर कोणाच्या मालकीचं. लिस्ट (आकड्यांची यादी) आणि स्ट्रिंग (मजकूर) यांचंही तेच. देवाणघेवाणीसाठी बरा मार्ग म्हणजे आन्स, शेवटचं उत्तर जिथे बसतं ते. त्यात आकडा टाका, सबप्रोग्राम बोलवा, तो पहिल्याच ओळीत आन्स उचलतो, शेवटी उत्तर आन्समध्येच सोडतो. लिस्ट टाकली तर एका झटक्यात चारपाच आकडे जातात.

दुसरी अडचण मेनूची. सबप्रोग्राम म्हणजे मेनूत आणखी एक नाव, आणि ते चुकून एकटंच चालवलं की काहीतरी विचित्र होतं. यावर रूढ झालेला उपाय म्हणजे नावाची सुरुवात थीटा किंवा झेडने करायची, म्हणजे ते यादीच्या तळाशी जातात. साधा उपाय, पण मला विचाराल तर त्या काळातली सगळ्यात शहाणी सवय हीच.

तिसरी अडचण, आणि वाद खरा पेटला तो हिच्यावरून: प्रोग्राम एकाकडून दुसऱ्याकडे जाताना काय होतं. केबल लावली, मुख्य प्रोग्राम पाठवला, सबप्रोग्राम राहिला. समोरच्याकडे चालू केला की मधेच 'एरर अनडिफाइन्ड'. त्याला वाटतं प्रोग्रामच खराब आहे. त्यात परीक्षेआधी रॅम, म्हणजे चालू मेमरी, पुसायची पद्धत, मग जे आर्काइव्हमध्ये (न पुसल्या जाणाऱ्या मेमरीत) टाकलेलं ते वाचलं, बाकी गेलं, आणि गेलेल्यात नेमका एखादा तुकडा असायचाच. ८३ प्लसवर अनेक प्रोग्राम एकत्र बांधून आर्काइव्हमध्ये ठेवायची ग्रुपची सोय होती, ती वापरायचे मात्र फार थोडे.

यातून 'एकच फाइल'वाले तयार झाले. त्यांची एक रीत अशी की प्रोग्राम स्वतःलाच बोलावतो. सुरुवातीला तपासायचं, आन्समध्ये ठरलेला आकडा आहे का; असेल तर तो सबरूटीनचा भाग चालवून रिटर्न, नसेल तर नेहमीसारखं पुढे. ऐकायला छान आहे. पण वापरणाऱ्याने आधी होम स्क्रीनवर काही हिशोब केला आणि उत्तर नेमकं तोच आकडा आलं तर प्रोग्राम सुरुवात सोडून सरळ सबरूटीनच्या भागात शिरतो. आन्समध्ये लिस्ट किंवा स्ट्रिंग पडलेली असेल तर पहिल्या ओळीलाच डेटा टाइपची एरर. म्हणून मग लोक कोणाच्या स्वप्नातही येणार नाही असले दशांश आकडे निवडायला लागले.

दुसरी रीत जास्त चलाख. फॉर लूप लावायचा, आय शून्य ते एक. आत एकच अट: आय शून्य असेल तर गोटू एस, म्हणजे 'एस' नावाच्या खुणेवर (लेबलवर) उडी मार. त्याखाली लगेच एंड. आता लेबल एस खाली, प्रोग्रामच्या शेवटाकडे, सबरूटीन लिहायचं आणि ते संपवायचं दुसऱ्या एका एंडने. इंटरप्रिटरला, म्हणजे प्रोग्राम ओळीओळीने चालवणाऱ्या यंत्रणेला, हा एंड कुठे लिहिलाय याच्याशी देणंघेणं नाही, त्याला दिसतं एक फॉर उघडा आहे, तो आय वाढवून वर परततो, आता आय एक आहे म्हणून गोटू होत नाही, खालचा एंड लागतो, लूप संपतो आणि गाडी पुढे. म्हणजे रिटर्न नसताना रिटर्न! आणि कितीही ठिकाणाहून बोलवा, ज्याचा लूप उघडा त्याच्याकडेच परत जातं. हे ज्याने पहिल्यांदा शोधलं असेल त्याला सलाम, पण सहा महिन्यांनी स्वतःचाच असला कोड वाचून बघा. शिवाय गोटू लेबल शोधताना प्रोग्रामच्या वरपासून शोधत येतं, लेबल जितकं खाली तितका वेळ जास्त, आणि नेमकी सबरूटीनं आपण शेवटी ठेवतो. वेगासाठी त्यांना वर आणलं की वाचायला आणखी गोंधळ.

माझा कौल सुट्या तुकड्यांना. वर्गमूळाचं सोपं रूप काढणारा तुकडा एकदा नीट लिहिला की तो द्विघात समीकरणात, अंतराच्या सूत्रात, त्रिकोणमितीत सगळीकडे चालतो. एकच फाइल केली की तो प्रत्येक प्रोग्राममध्ये कॉपी होतो आणि त्यातली चूक पाच ठिकाणी दुरुस्त करावी लागते. दुसऱ्या बाजूचं म्हणणंही खोटं नाही, वाटपाला एक फाइल सोपीच.

गंमत म्हणजे त्याच घराण्यात १९९५ ला टीआय-९२ आणि १९९८ ला टीआय-८९ वर पॅरामीटर, लोकल व्हेरिएबल, फोल्डर सगळं होतं. पण ९२ ला पूर्ण कीबोर्ड असल्यामुळे अमेरिकेत एसएटी या कॉलेज प्रवेश परीक्षेला चालत नव्हता, ८९ चालायचा पण महाग, म्हणून बहुतेक वर्ग ८३-८४ वरच राहिले. आपल्याकडे बारावीला लॉग टेबल, त्यामुळे हा सगळा प्रकार इथे आला तो मुंबई-पुण्याच्या आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) शाळांतून आणि तिकडे वाढलेल्या नातेवाइकांच्या पोरांकडून.

पुढे असेंब्लीवाल्यांनीही (थेट प्रोसेसरच्या भाषेत लिहिणाऱ्यांनीही) सुट्या तुकड्यांचीच वाट धरली. ८३ वर आयन नावाच्या शेलने (असे प्रोग्राम चालवणाऱ्या प्रोग्रामने) स्प्राइट, म्हणजे खेळातली छोटी चित्रं, काढणं, स्क्रीन भरभर कॉपी करणं असली रूटीनं सगळ्यांसाठी एकाच जागी ठेवली, कॅल्क्युलेटरच्या स्वतःच्या बेसिक भाषेत लिहिणाऱ्यांसाठी एक्सलिबसारखी जोडणी आली. २०१५ च्या ८४ प्लस सीई वर सी भाषेतले प्रोग्राम सामायिक लायब्ऱ्या वेगळ्या फाइलीत मागायला लागले, आणि ज्याच्याकडे त्या नाहीत त्याचा प्रोग्राम सुरूच होत नाही. तक्रारी शब्दशः त्याच. २०२० मध्ये परीक्षेतल्या कॉपीच्या भीतीने अधिकृत अपडेटने असेंब्ली आणि सी चे प्रोग्राम बंदच केले, अपडेट न केलेल्यांचं चालू राहिलं.

आता नव्या मॉडेलांवर पायथन आहे, डेफ लिहून सबरूटीन करा, लोकल व्हेरिएबल फुकटात, दुसऱ्या स्क्रिप्टमधून (फाइलीतून) ते इम्पोर्ट करा, म्हणजे आत मागवा. तरी नव्या पोरांच्या स्क्रिप्ट बघितल्या तर बहुतेक सगळं एकाच फाइलीत असतं, कारण दुसरी फाइल पाठवायची राहिली की इम्पोर्टची ओळ अडते.